साडेबाराचं बरोबर उत्तर

आठवीच्या घटक चाचणीत मी एक उदाहरण घातलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या कांद्याच्या पट्ट्यात मुलांना ओळखीचं वाटावं म्हणून मुद्दाम बेतलेलं:

६ मजूर रोज ८ तास काम करून ४ एकरांत कांद्याची लागवड १० दिवसांत करतात. तर ८ मजूर रोज ६ तास काम करून ५ एकरांत लागवड किती दिवसांत करतील?

उत्तर साडेबारा दिवस. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत खाली रेघ मारून १२.५ लिहिलं होतं. मी पूर्ण गुण दिले, बरोबरची खूण केली आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. ती खूण चुकीची होती. ते मला कळलं दुसऱ्या दिवशी, आणि तेही योगायोगाने.

चलन हा आठवीच्या गणितातला धडा. सातवीत मुलं समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण शिकून आलेली असतात. आठवीत त्यालाच समचलन आणि व्यस्तचलन ही नावं मिळतात, माशासारखं दिसणारं ∝ हे चिन्ह येतं आणि चलनाचा स्थिरांक येतो. धडा लहान आहे. दोन राशी एकाच पटीत वाढत असतील तर त्यांचा भागाकार कायम राहतो, ते समचलन. एक जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने दुसरी कमी होत असेल तर त्यांचा गुणाकार कायम राहतो, ते व्यस्तचलन. दोन वाक्यांत संपणारी गोष्ट, म्हणून शिक्षकही ती दोन तासिकांत उरकतात. मीही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका वाटण्याआधी तेच उदाहरण थोडं सोपं करून फळ्यावर लिहिलं. वावर तेच ४ एकर, रोजचे तास तेच ८, फक्त मजूर ६ ऐवजी १२. किती दिवस? १२.५ लिहिणाऱ्या त्या मुलीला पूर्ण गुण मिळाले होते, म्हणून तिलाच पुढे बोलावलं. तिने खडू घेतला आणि न थांबता लिहिलं:

६ मजूर : १० दिवस
१२ मजूर : ? दिवस
६ × ? = १२ × १०
? = २०

मागून एकदोघं हसले. मी विचारलं, "वीस दिवस?"

"हो सर."

"नीट बघ बरं."

तिने पाहिलं. काय पाहिलं ते महत्त्वाचं आहे. तिने बोटाने पुन्हा एकदा तिरका गुणाकार तपासला, बारा दाहे एकशेवीस, एकशेवीस भागिले सहा वीस, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोबर आहे सर." "नीट बघ" म्हटल्यावर मूल आकडेमोड तपासतं, मांडणी तपासत नाही, हे मला इतक्या वर्षांनी त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

तिची आई लागवडीच्या टोळीत जाते. सुटीच्या दिवशी ही मुलगीही रोपांच्या जुड्या पुरवायला वाफ्यावर असते. म्हणून मी फळ्याकडे पाठ करून विचारलं, "तुझ्या आईच्या टोळीत सहा बाया आहेत असं धर. उद्या बारा आल्या तर?"

"मग लवकर उरकंल ना सर."

"किती लवकर?"

"निम्म्या दिवसांत." हे तिने मोजून सांगितलं नाही. तिला ते माहीतच होतं.

"मग फळ्यावर वीस कसे?"

ती फळ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "पण सर, हे गणित आहे ना."

त्या वाक्याने मी हललो. वावरातलं काम एका कप्प्यात आणि गणित दुसऱ्यात, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. त्यात माझाही हात होता. धड्याच्या पहिल्या दिवशी मी वह्यांचं उदाहरण दिलं होतं: ५ वह्यांना इतके रुपये तर ८ वह्यांना किती, आणि "तिरका गुणाकार करा, झालं" असं म्हणालो होतो. ते "झालं" तिने पक्कं धरून ठेवलं होतं.

मधल्या सुटीत मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. उत्तराच्या वरच्या ओळी मी आदल्या रात्री वाचल्याच नव्हत्या. तिथे असं होतं:

१० × ८/६ × ६/८ × ५/४ = १२.५

मजूर ६ चे ८ झाले म्हणून ८/६ ने गुणलं. तास ८ चे ६ झाले म्हणून ६/८ ने. एकर ४ चे ५ झाले म्हणून ५/४ ने. सगळंच समचलन. खरी मांडणी अशी हवी होती:

१० × ६/८ × ८/६ × ५/४ = १२.५

मजूर वाढले की दिवस कमी व्हायला हवेत, म्हणून ६/८. रोजचे तास घटले की दिवस वाढायला हवेत, म्हणून ८/६. एकर वाढले की दिवस वाढतात, म्हणून ५/४. एवढं एकच तिचं बरोबर होतं. पण ८/६ आणि ६/८ यांचा गुणाकार एक, आणि ६/८ व ८/६ यांचाही एकच. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि खाली बरोबर उत्तर उरलं.

दोष उदाहरणाचा होता आणि ते मी बेतलं होतं. ६ मजूर रोज ८ तास म्हणजे दिवसाला ४८ तासांचं काम. ८ मजूर रोज ६ तास म्हणजेही ४८. "आकडे सोपे जावेत" म्हणून निवडलेल्या या संख्यांनी मजूर आणि तास ही दोन्ही माहिती निकामी करून टाकली होती. उरलं होतं फक्त ४ एकरांचं ५ एकर. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यायची होती, तीच परीक्षेतून निसटली होती.

मग सगळ्या उत्तरपत्रिका परत तपासायला घेतल्या. साडेबारा लिहिलेल्यांपैकी काहींची मांडणी खरोखर बरोबर होती. काहींची तिच्यासारखी. आणि एका मुलाच्या उत्तरपत्रिकेपाशी मी बराच वेळ अडकलो. त्याचं उत्तर ७.०३ होतं आणि त्यावर मी लाल फुली मारून शून्य दिलं होतं. त्याने लिहिलं होतं:

१० × ६/८ × ६/८ × ५/४ = ७.०३

त्याने मजूर व्यस्त धरले होते, जे बरोबर आहे. फक्त तास सम धरले. म्हणजे ज्याला निम्मं कळलं होतं त्याला शून्य, आणि जिने मजुरांचा व तासांचा विचारच केला नव्हता तिला पूर्ण गुण. हा अन्याय माझ्या हातून झाला होता. त्याचे गुण मी दुरुस्त केले. तिचे कमी केले नाहीत, पण तिला शेजारी बसवून ते का मिळाले होते हे सांगितलं.

त्या मुलाला बोलावून विचारलं, "मजूर व्यस्त धरलेस, मग तास सम का?"

तो म्हणाला, "सर, तास वाढले की काम वाढतं ना?"

खरं तर तो चुकीचं बोलत नव्हता. तास आणि होणारं काम यांच्यात समचलनच असतं. पण उदाहरणात विचारले होते दिवस. ठरलेलं काम संपायला लागणारे दिवस आणि रोजचे तास यांच्यात व्यस्तचलन. मला वाटतं, या धड्यातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे आणि तिच्यावर आपण सगळ्यात कमी बोलतो. "तास सम की व्यस्त?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाशी? आणि बाकी काय काय जागेवर धरून? मजूर तेवढेच, वावर तेवढंच, आणि तास बदलले, तर दिवसांचं काय होतं? एवढं पूर्ण वाक्य बोलल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. पोरं म्हणतात, "सर, मजूर नेहमी व्यस्त असतात." नाही. मजूर आणि दिवस व्यस्त, मजूर आणि मजुरी सम, मजूर आणि एका दिवसात लागणारे वाफे सम.

पुढच्या तासाला मी तिरक्या गुणाकारावर बंदी घातली. फळ्यावर धान्याची रास काढली.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, व्यस्त त्रैराशिकाचं एक उदाहरण आहे. धान्याची रास ७ आढकांच्या मापाने मोजली तर १०० मापं भरतात. ५ आढकांच्या मापाने मोजली तर किती? उत्तर १४०. मी आढक बाजूला ठेवून पायली घेतली. शाळेजवळच्या एका घरून पायली आणि अधोली मागून आणली होती. अधोली म्हणजे अर्धी पायली. समोर ज्वारीची छोटी रास. पायलीने मोजली, सहा भरली. "आता अधोलीने?" सगळा वर्ग एका सुरात, "बारा!" कुणालाही तिरका गुणाकार आठवला नाही. तीन भरली असं कुणीही म्हणालं नाही.

"का बारा?" या प्रश्नावर मात्र शांतता. मग मागच्या बाकावरून एक उत्तर आलं, "रास तीच आहे ना सर."

रास तीच आहे. व्यस्तचलनाचं मर्म मला याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही. सात शंभरे सातशे, पाच गुणिले एकशेचाळीस सातशे. सातशे आढकांची रास जागेवर बसून आहे, माप बदललं म्हणून भरण्यांची संख्या बदलली. ज्याला पुस्तक चलनाचा स्थिरांक म्हणतं तो ही रास. त्रैराशिक या जुन्या शब्दातच राशी बसलेली आहे, आणि आमच्याकडच्या मुलांना खळ्यावरची रास दाखवावी लागत नाही. एवढा जवळचा शब्द असताना मी वह्यांच्या किमतीपासून का सुरुवात केली, याची चुटपुट लागली.

आता कांद्याच्या वावरात रास कोणती? इथे ती मुलगी पुन्हा फळ्याशी आली. मी विचारलं, "सहा बाया, रोज आठ तास, दहा दिवस. एकूण किती तास राबल्या?" तिने ६ × ८ × १० = ४८० लिहिलं. एककाचं नाव मुलांनीच ठेवलं: बाई-तास. चार एकरांची रास ४८० बाई-तासांची.

"एका एकराची?" १२०.

इथे थांबायला हरकत नव्हती. १२० हाच या उदाहरणाचा स्थिरांक. दिवसांना द, एकरांना ए, मजुरांना म आणि रोजच्या तासांना त म्हटलं तर

द = १२० × ए ÷ (म × त)

वर असलेल्याशी समचलन, खाली असलेल्याशी व्यस्तचलन. तिन्ही गोष्टी एका ओळीत. आकडे घातले की १२० × ५ ÷ ४८ = १२.५. पण १२० हा आकडा तिच्या चेहऱ्यावर काही उमटवत नव्हता. तिच्या दृष्टीने तो अजून पुस्तकातलाच एक आकडा होता. म्हणून आणखी एक पायरी उतरलो. "एकरात गुंठे किती?" चाळीस, हे सगळ्यांना येतं. १२० भागिले ४० तीन.

"म्हणजे काय तीन?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "एका बाईला एक गुंठा लावायला तीन तास."

यावर तिचा आवाज बदलला. आता तो आकडा ती वाफ्यात उभी राहून पाहू शकत होती. सकाळी बसलेली बाई न्याहारीपर्यंत कुठवर सरकते हे तिला ठाऊक आहे. पुढचं तिनेच केलं. पाच एकर म्हणजे २०० गुंठे. गुंठ्याला तीन तास म्हणजे ६०० तास. आठ बाया रोज सहा तास म्हणजे दिवसाला ४८. बारा दिवसांत ५७६ तास झाले. उरले २४.

"आणि साडेबारातला अर्धा दिवस?" मी विचारलं.

तिने फळ्यावर बोटाने हिशेब केला. बारा दिवसांत ५७६ तास म्हणजे १९२ गुंठे लागले. राहिले ८ गुंठे. बाया आठ. "तेराव्या दिवशी एकेकीने एकेक गुंठा घ्यायचा, तीन तासांत मोकळ्या." रोज सहा तासांचा, त्यातले तीन. अर्धा रोज. दोन दिवसांपूर्वी जे १२.५ तिने खाली रेघ मारून लिहिलं होतं, त्यातल्या दशांश चिन्हानंतरच्या पाचाचा अर्थ तिला आत्ता कळला होता. मलाही तो इतका नेमका कधी दिसला नव्हता. उदाहरण बेतताना माझ्या लेखी १२.५ हा फक्त भागाकार होता.

इथवर आल्यावर मला भीती वाटली ती वेगळीच. आता मुलं सगळं व्यस्त धरायला लागतील. एक सवय काढून दुसरी घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून पुढचा तास मी फक्त प्रश्न विचारण्यात घालवला, आकडेमोड जवळजवळ नाही.

मजुरांना वावरात आणायला गाडी लागते. गाडीचं भाडं ६०० रुपये. सहा बाया आल्या तर एकीच्या वाट्याला १००, आठ आल्या तर ७५. व्यस्तचलन, रास सहाशे रुपयांची. रोज ३०० धरला तर चौघींची मजुरी १,२००, आठजणींची २,४००. समचलन. इथपर्यंत सगळे बरोबर आले.

मग विचारलं, शेतकऱ्याचा दिवसाचा एकूण खर्च, गाडी धरून? आठ बायांना चार बायांच्या दुप्पट?

"हो," बरेच जण म्हणाले. बाया वाढल्या, खर्च वाढला, दोन्ही वाढतात, म्हणजे सम. मी मोजायला सांगितलं. चार बाया: ६०० अधिक १,२००, १,८०० रुपये. आठ बाया: ६०० अधिक २,४००, ३,००० रुपये. दुप्पट ३,६०० झाले असते. बाईमागे खर्च पहिल्यांदा ४५०, दुसऱ्यांदा ३७५. भागाकार कायम नाही. समचलन नाही, व्यस्तचलनही नाही. या धड्यातलं चलनच नाही. "दोन्ही वाढतात म्हणून सम" हे वाक्य मुलांच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की ते मोडायला ६०० रुपयांची गाडी मधे आणावी लागते. वाढणं पुरेसं नाही. एक दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट झाली पाहिजे, एक शून्य असेल तर दुसरीही शून्य पाहिजे. एकही बाई आली नाही तरी गाडीचे ६०० गेलेच.

शेवटचा प्रश्न: सहा बायांनी लावलेला उन्हाळ कांदा लागवडीनंतर साधारण चार महिन्यांनी काढणीला येतो. बारा बायांनी लावला तर? एकाने हात वर करून "दोन महिने" म्हटलं आणि लगेच स्वतःच हात खाली घेतला. कांदा पोसायला लागणारा काळ लावणाऱ्यांवर अवलंबूनच नाही. उदाहरणात दोन आकडे शेजारी दिसले म्हणजे त्यांच्यात चलन असतंच असं नाही, हे मुलांना एकदा तरी असं अंगावर यायला हवं. पुस्तकात चलनाच्या धड्याखाली जी उदाहरणं असतात त्यांत चलन असणारच, त्यामुळे "आहे का?" हा पहिला प्रश्न विचारायची संधीच मुलांना मिळत नाही.

अनेक राशींच्या अशा उदाहरणांसाठी जुन्या पिढीकडे पंचराशिक होतं, म्हणजे पाच राशींवरून सहावी काढायची रीत. लीलावतीत ते पुढे सप्तराशिक, नवराशिक आणि एकादशराशिकापर्यंत जातं. राशींचे दोन स्तंभ मांडायचे, फळाच्या जागा अदलाबदल करायच्या, जास्त राशी असलेल्या बाजूच्या गुणाकाराला कमी राशी असलेल्या बाजूच्या गुणाकाराने भागायचं. फार देखणी रीत आहे आणि हाताला बसली की झपाट्याने उत्तर येतं. पण माझं मत असं, की आठवीच्या मुलाला ती आधी देऊ नये. तिरका गुणाकार जसा त्या मुलीच्या विचाराच्या आड आला, तशीच हीही येईल. आधी रास दिसू द्यावी, मग रीत द्यावी.

एक मुलगा मात्र मला अडवायला उभा राहिला. "सर, मग तीनशे बाया लावल्या तर चार एकर एका दिवसात?" सूत्राप्रमाणे ४८० तास, तीनशे बाया, म्हणजे एक तास छत्तीस मिनिटांचं काम. एका दिवसात काय, एका सकाळीच. वर्ग हसला, पण तो गंमत करत नव्हता. मी त्याला दुजोरा दिला. चार एकरांचे १६० गुंठे. तीनशे बाया म्हणजे गुंठ्यात जवळजवळ दोघी. रोपं उपटून जुड्या पुरवणारे तेवढे कुठून आणणार? वाफ्यांना पाणी तेवढ्या वेगाने कसं देणार? व्यस्तचलन धरताना आपण गृहीत धरतो की प्रत्येकीचा वेग सारखा आहे आणि कुणी कुणाच्या आड येत नाही. सहाच्या बारा बायांपर्यंत हे बऱ्यापैकी खरं असतं, तीनशेपर्यंत नसतं. असा प्रश्न विचारणाऱ्याला "उदाहरणात दिलंय तेवढं बघ" म्हणून खाली बसवू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याने सूत्र वावरात नेऊन पाहिलं होतं.

दोन आठवड्यांनी मी एक उदाहरण न सांगता दिलं. या वेळी आकडे एकमेकांना खाणार नाहीत हे आधी नीट तपासलं. सगळं सम धरून सोडवून पाहिलं, एकेक राशी चुकीची धरून सोडवून पाहिलं, आणि कुठल्याही चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर येत नाही याची खात्री केली. शिवाय या वेळी दिवसांऐवजी मजूर विचारले:

१५ मजूर रोज ८ तास काम करून ८ एकर कांदा ६ दिवसांत काढतात. १० एकर कांदा रोज ९ तास काम करून ५ दिवसांत काढायचा तर किती मजूर लागतील?

तिच्या कागदावर पहिली ओळ अशी होती: "एकर वाढले, दिवस कमी झाले, म्हणून बाया जास्त लागतील. तास १ ने वाढला म्हणून थोड्या कमी." आकड्याला हात लावण्याआधी तिने दिशा लिहिली होती. मग १५ × ८ × ६ = ७२०. भागिले ८, एकराला ९० बाई-तास. दहा एकरांना ९००. एक बाई पाच दिवस नऊ तास म्हणजे ४५. नऊशे भागिले पंचेचाळीस, २० बाया. शेवटी तिने पहिल्या ओळीकडे परत जाऊन लिहिलं होतं: "१५ पेक्षा जास्त आल्या. बरोबर."

∝ हे चिन्ह कुठे नव्हतं, स्थिरांक हा शब्दही नव्हता. मी पूर्ण गुण दिले, या वेळी प्रत्येक ओळ वाचून.

ज्याला आधी शून्य मिळालं होतं त्या मुलाने सूत्राने सोडवलं आणि त्याचंही उत्तर २० आलं. त्याने शेजारी छोट्या अक्षरात लिहिलं होतं, "तास आणि मजूर: व्यस्त (काम तेच धरून)." कंसातले ते तीन शब्द पाहून मला जो आनंद झाला तो उत्तराने झाला नव्हता.

दिवाळीनंतर लागवडीचे दिवस आले. मुलीच्या मामाचं तीन एकर वावर आहे. मामाला पाच दिवसांत लागवड उरकायची होती, रोजचे सहा तास. किती बाया सांगायच्या हे तिने वहीत काढलं: १२० गुंठे, गुंठ्याला तीन तास, ३६० तास, एका बाईचे पाच दिवसांत ३० तास, म्हणजे १२ बाया. वही घेऊन आईकडे गेली. आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, "तीन तासांत गुंठा कुठून निघायला? रोप बारीक आहे यंदा, दाट लावायचंय. चार तास धर."

सोमवारी शाळा भरताच ती माझ्या टेबलाशी आली. वहीत १२ वर रेघ मारून १६ लिहिलं होतं.

"सर," ती म्हणाली, "आईने स्थिरांक बदलला."